मारतहळ्ळीच्या उन्हाचा बंदोबस्त

बेंगळूरच्या मनुष्यापाशी त्याच्या शहराविषयी कोणतीही तक्रार करावी, ती तो तुमच्याहून अधिक आवेशाने करू लागतो. रस्ते, पाणी, वाहतूक आणि घरभाडे या चारही खटल्यांत तो फिर्यादीच्या बाजूने साक्ष द्यायला एका पायावर तयार असतो. परंतु हवेविषयी मात्र चकार शब्द काढण्याची सोय नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेल्या आपल्या नगरीत उन्हाळा नावाचा ऋतू दप्तरी दाखलच नाही, अशी त्याची अढळ श्रद्धा असते, आणि एप्रिल 2016 मध्ये याच शहराचा पारा 39.2 अंशांवर चढला होता हे निदर्शनास आणून दिले, तर तो ते साल अपवादात्मक ठरवून निकालात काढतो.

अशा या शीतल नगरीत, एप्रिलच्या अखेरीस, आमच्या मेव्हण्यांनी आपली बस आणून उभी केली. मेव्हणे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा काशीयात्रेचा सर्वमान्य मार्ग सोडून त्यांनी एका शाळेची जुनी बस लिलावात घेतली. बाके उपसून तीत दोन पलंग, एक ओटा, एक मोरी व एक देव्हारा यांची प्रतिष्ठापना केली. आणि वाहनातील फेरफारांविषयी मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम जे जे मागते, ते ते त्यांनी इतक्या चिकाटीने पुरविले, की आपल्या कचेरीत अमुक एक फॉर्म अस्तित्वात आहे हे तेथील कारकुनांना त्यांच्याकडूनच समजले म्हणतात. फेरफारातून बचावल्या त्या फक्त खिडक्या. प्रत्येक बाजूस सहा, सरकत्या काचांच्या, मुलांनी डोकी बाहेर काढू नयेत म्हणून आडवे गज ठोकलेल्या. "घर म्हटले की उजेड हवा," असा अभिप्राय वहिनींनी नोंदविल्यामुळे त्या जशाच्या तशा कायम झाल्या.

सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग असे टप्पे घेत सुमारे साडेआठशे किलोमीटरची ही मोहीम निर्विघ्न पार पडली, याचे श्रेय वाऱ्याला आहे. धावत्या बसमध्ये शिरलेली उष्णता तो परस्पर उचलून नेतो. मारतहळ्ळीला मेव्हण्यांची कन्या व जावई आयटीत नोकरीस आहेत. त्यांच्या इमारतीच्या फाटकातून बस आत जाईना, म्हणून आउटर रिंग रोडला लागून एक मोकळा प्लॉट भाड्याने ठरला. भाड्याचा आकडा ऐकून मेव्हण्यांनी इतिहास काढला. सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या व्यंकोजीराजांनी अख्खे बेंगळूर म्हैसूरच्या वडियारांना तीन लाखांना द्यायचे ठरविले होते, मध्ये मोगल उपटले तरी सौदा शेवटी त्याच रकमेला तुटला, ही हकीकत त्यांनी जागामालकास हिंदीतून सविस्तर निवेदन केली. जागामालकाने ती आदरपूर्वक ऐकली आणि भाडे आगाऊ घेतले.

आउटर रिंग रोड मारतहळ्ळीपाशी दक्षिणोत्तर धावतो. प्लॉटही तसाच चिंचोळा असल्याने बसचे तोंड दक्षिणेला आले आणि तिच्या दोन्ही कुशी, बारा खिडक्यांसह, पूर्व-पश्चिमेला उघड्या पडल्या. सकाळी आठ वाजता, फुलवातींसाठी घट्ट करून आणलेले तूप देव्हाऱ्यातल्या वाटीत पातळ होऊन झुळझुळू लागले, रेक्झिनच्या गादीवर बसलेला मनुष्य उठताना गादीही थोडी उठू लागली, आणि तरीही बसच्या दारात येऊन उभे राहावे तो बाहेर अगदी सुखद झुळूक! बेंगळूरकर खोटे बोलत नव्हते. त्यांची हवा निर्दोष होती. गुन्हा सगळा काचेचा होता.

या काचेचा कारभार जुन्या जकातनाक्यासारखा असतो. सूर्याकडून येणारे तोकड्या लहरींचे किरण ती विनाचौकशी आत सोडते. पाऊणशे टक्क्यांहून अधिक माल सहज पार होतो. परंतु तोच माल गादी, फरशी आणि कपाळ यांवर पडून लांब लहरींच्या उष्णतेत रूपांतरित झाला, की त्याला बाहेर जाण्याचा परवाना मिळत नाही. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट शक्ती ओतली जाते. तिरप्या उन्हाची सूट देऊनही, एका बाजूच्या सहा खिडक्यांतून विजेच्या दोन-अडीच शेगड्या पेटवल्याइतकी धग बसमध्ये येत होती, आणि तीही वहिनी आतल्या आत पोळ्या लाटीत असताना.

उपाययोजनेसाठी मसलत बसली. जावयांनी बसमध्ये संसार थाटणाऱ्या अमेरिकन लोकांसाठी लिहिलेले एक पुस्तक पैदा केले होते, आणि त्यात दक्षिणेच्या काचा झाका असा स्पष्ट हुकूम होता. मेव्हण्यांना लेखी हुकूम पुरतो. त्यांनी घरची जाड गोधडी दक्षिण सरहद्दीवर, म्हणजे ड्रायव्हरच्या काचेवर, तैनात केली. आता, अमेरिकेतला सूर्य माध्यान्ही बारा महिने दक्षिणेलाच असतो, हे त्या ग्रंथकर्त्याच्या दृष्टीने ठीक होते; परंतु बेंगळूर तेराव्या अक्षांशावर आहे, आणि 24 एप्रिलच्या सुमारास येथे सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येऊन उभ्या खांबाची सावली नाहीशी करतो, ज्या शून्य-छायेचे कौतुक कोरमंगलच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतही होत असते. त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो दुपारी उलट उत्तरेकडे झुकलेला असतो. दुपारी तो मारा करी छपरावर; खिडक्यांवर त्याची धाड सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून; आणि गोधडी दिवसभर दक्षिणेला, शत्रूचे तोंडही न पाहता, पहारा देत बसलेली! बस काटकोनात वळविली असती तर खिडक्या आपोआप दक्षिणोत्तर झाल्या असत्या, पण मग तिचे नाक शेजारच्या शहाळेवाल्याच्या गाड्यात गेले असते, आणि तो सौजन्यमूर्ती असला तरी इतका नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारींच्या सुट्या भागांसाठी विख्यात असलेल्या जे. सी. रोडवर गेलो. तेथल्या एका दुकानदाराने काचेच्या तुकड्यामागे लालबुंद दिवा लावून मेव्हण्यांचा तळहात पुढे ओढला. हात चटकन पोळला. मग त्याने मध्ये जवळजवळ पारदर्शक अशी फिल्म धरली आणि धग एकदम नाहीशी झाली. "फुल कूलिंग, सार!" प्रयोग प्रामाणिक होता, फक्त त्या दिव्याची शक्ती बहुतांशी अदृश्य अवरक्त किरणांची असते आणि सूर्याची जेमतेम निम्मी, एवढा तपशील दिव्याच्या खोक्यावर छापलेला नव्हता. मेव्हण्यांनी मात्र पदार्थविज्ञानाला हात न घालता थेट कायदा काढला. मोटार वाहन नियमांतल्या 100 व्या नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून 70 आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश पार झाला पाहिजे; 27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर काचेवर कसलीही फिल्म चिकटविण्यास मनाई केली; पुढे 2021 पासून नियम सैलावला, आणि केरळच्या उच्च न्यायालयाने 2024 मध्ये प्रमाण राखणाऱ्या फिल्मला हरकत नाही असे म्हटले. "परंतु," मेव्हणे म्हणाले, "केरळचा निवाडा दाखवून मी कर्नाटकच्या हवालदाराशी हुज्जत घालणार नाही." दुकानदाराने त्यांना सरकारी वकील समजून चहा पाजला.

शेवटी चंदेरी, फुगऱ्या-फुगऱ्यांची उष्णतारोधक चादर आणून ती बाराही खिडक्यांत आतून कापून बसविली. उष्मा निश्चित उतरला. पण बसमध्ये दिवसाढवळ्या अमावास्या झाली, आणि काचेतून एकदा आत आलेल्या उन्हाला परत धाडण्याचे काम चादर करीत असल्यामुळे काच व चादर यांच्या फटीत बोट घातले तर चटका बसे. बाहेरून मात्र बसला विलक्षण सरकारी भारदस्तपणा आला. सकाळी एक गृहस्थ आधार कार्डावरचा पत्ता बदलून घेण्यासाठी कागदपत्रांसह हजर झाले. दुपारी रक्तदात्यांची चौकशी झाली.

संध्याकाळी खरा प्रसंग ओढवला. मारतहळ्ळीच्या पुलाजवळ रात्रीच्या पुण्याच्या खाजगी गाड्या प्रवासी घेतात. महाराष्ट्राची नंबरपाटी पाहून पाचसहा मंडळी बॅगांसह आत शिरली आणि पलंगांवर बसून चार्जिंगची सोय विचारू लागली. बाकीची खुलासा होताच उतरली. पण तासगावचा एक तरुण उतरेना. त्याने चादरीची फट पाहिली, काचेला हात लावला आणि वडीलधाऱ्यांसमोर हसू आवरीत म्हणाला, "काका, ऊन घरात घेऊन मग हाकलता होय? आमच्याकडं बेदाणा असा केला तर काळा पडंल की."

बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षे तारांच्या जाळ्यांवर पसरतात आणि भोवती हिरवी शेडनेट सोडतात, ऊन बाहेरच अडते नि वारा मात्र आरपार खेळतो, हे सांगत सांगत तो वर्तूर रस्त्यावरच्या नर्सरीतून पाऊणशे टक्के सावलीची जाळी घेऊनही आला. टपावरच्या कठड्याला एक कड बांधून, बांबूंच्या आधाराने काचेपासून हातभर दूर, दोन्ही बाजूंना त्याने ती उतरती सोडली. आतली चादर काढून खिडक्या सताड उघडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तूप वाटीत घट्टच होते, वहिनींना हिरवट का होईना उजेड होता, आणि बेंगळूरची ती जगप्रसिद्ध हवा प्रथमच आमच्या अंगाला लागली.

या खटाटोपात तासगावकराची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. आम्हीही पुण्यालाच परतणार असल्याने त्याला बरोबर घेणे ओघाने आले. परंतु खाजगी वाहनातून प्रवासी नेणे परमिटाविना शक्य नसल्यामुळे मेव्हण्यांनी प्रवासवहीत त्याची नोंद 'नातेवाईक, दूरचे' अशी केली, आणि त्याने देऊ केलेले भाडे नाकारल्याबद्दल त्याची सही घेतली. प्रवासात जाळी गुंडाळून ठेवावी लागते. वायव्येला चाललेल्या गाडीत सकाळचे ऊन उजवीकडून येते नि दुपारनंतरचे डावीकडून, याची त्याला पुरती माहिती असावी. कारण दावणगिरीपर्यंत त्याने डावीकडचा पलंग सोडला नाही, आणि तेथे जेवून आम्ही परत येतो तो उजवीकडच्या, म्हणजे माझ्या, पलंगावर तो गाढ झोपलेला होता.