दोन ग्रॅमचं कार्ड बेळगुंदीत कसं आणावं?

पोकेमॉनचं एक कार्ड ६३ मिलिमीटर रुंद, ८८ मिलिमीटर उंच आणि वजनाला दोन ग्रॅमच्या आत. ते वहीत मावतं, खिशात मावतं. मावत नाही फक्त कुरिअरच्या दरपत्रकात. दीडशे रुपयांच्या कार्डाला एकशे ऐंशीची वाहणावळ बघून ज्यांनी मोबाइल पालथा ठेवला असेल, अशा बेळगावजवळच्या बेळगुंदीतल्या आणि एकंदर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या होतकरू संग्राहकांसाठी ही मार्गदर्शिका. पायऱ्या क्रमानं चढाव्यात. मधली गाळल्यास होणाऱ्या खर्चाला वाचक स्वतः जबाबदार.

साहित्य : मोबाइल, कॅल्क्युलेटर, पाचनं सुरू होणारा एक पिनकोड, चारनं सुरू होणारा दुसरा. दुसरा नसल्यास एक मावशी.

पायरी १ : आपण कुठल्या राज्यात राहतो ते मान्य करा. हा प्रश्न १ नोव्हेंबर १९५६ पासून पेटलेला आहे. महाजन आयोग येऊन गेला, २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. ॲपला एवढा धीर नाही. ‘राज्य’ हा रकाना भरल्याशिवाय ते पैसे घेत नाही. आंदोलनात लाठी खाल्लेल्या घरातलं पोरगंसुद्धा इथं मुकाट्यानं ‘कर्नाटक’ निवडतं, कारण चरिझार्डच्या कार्डाचा शेवटचा एकच नग उरलेला असतो. आजोबा बघत नाहीत ना, एवढी खात्री करावी.

पायरी २ : पिनकोड तीनदा तपासा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखला टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. एकाच नावाची गावं देशभर असल्यानं पत्रं भलतीकडे जात, त्यावरचा हा तोडगा. आपल्याला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त, कारण गडहिंग्लज तालुक्यातही एक बेळगुंदी आहे. ती महाराष्ट्रात. पाचनं सुरू होणाऱ्या आपल्या पिनकोडऐवजी तिचा चारनं सुरू होणारा पडला, तर आपलं कार्ड सीमाप्रश्न सुटायच्या आधीच महाराष्ट्रात विलीन होतं.

पायरी ३ : किलोमीटर विसरा. समजा विकणारा शिनोळीचा आहे. म्हणजे वेंगुर्ला रोडवर, बेळगावच्या वेशीपलीकडं. लग्नाची पत्रिका द्यायला आपण तिथं दुचाकीवरून जातो आणि चहाला परत येतो. पण शिनोळी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, म्हणून दरपत्रकाच्या लेखी परराज्यात. बिदर कर्नाटकाच्या पार दुसऱ्या टोकाला, तरी ते ‘राज्यांतर्गत’. बिदरचं कार्ड त्यामुळं स्वस्त पडतं आणि शेजारचं महाग.

यानंतर ट्रॅकिंग उघडून प्रवासवर्णनाचा आनंद घ्यावा. शिनोळीहून निघालेलं पाकीट कोल्हापूरला जातं, तिथून पुण्याला. पुण्याहून ते महामार्गानं पुन्हा दक्षिणेकडं निघतं, मध्यरात्री कोगनोळीचा टोलनाका ओलांडतं, निपाणी मागं टाकतं आणि आपण साखरझोपेत असताना बेळगावजवळून सरळ बंगळूरला जातं. तिथं नोंद झाली की परत फिरतं. मग एक दिवस फोन वाजतो.

“हॅलो, बेळगुंदी म्हंजे राकसकोप रोडला काय ओ? तिकडं आमची गाडी येत नाही. गणेशपूरला येऊन घेऊन जावा की.”

इथं वाद घालू नये. पेट्रोलचा खर्च वाहणावळीत मिळवावा आणि निघावं.

पायरी ४ : हवेचेही पैसे असतात हे समजून घ्या. कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी काढतात आणि जास्त येईल ते लावतात. एक काट्यावरचं. दुसरं आकारमानाचं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारानं भागायचं. विकणाऱ्यानं प्रेमापोटी कार्ड स्लीव्हमध्ये घातलं, स्लीव्ह टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात, टॉपलोडर बबल रॅपमध्ये आणि ते सगळं २५ बाय २० बाय १०च्या खोक्यात, की झालं एक किलो. दोन ग्रॅम कार्ड, बाकी शुद्ध कोल्हापुरी हवा. म्हणून ऑर्डरआधी विनवावं, “दादा, दोन पुठ्ठ्यांत दाबून साध्या पाकिटातनं पाठवा.” दादा “ओके” लिहितात आणि खोक्यातनंच पाठवतात.

पायरी ५ : पोस्टाचं नाव काढून बघा. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरानं ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट गावाबाहेर कुठंही ४७ रुपये, वर जीएसटी. शिनोळी असो की शिलाँग, भाव तोच. या मुलखात सीमाप्रश्न खऱ्या अर्थानं कुणी सोडवला असेल, तर या पन्नास ग्रॅमनं. अडचण एकच : विकणाऱ्याला पोस्टात जायचं नसतं. कुरिअरवाला दारात येतो, पोस्टात रांगेत उभं राहावं लागतं. त्याच्या पायांचे हे कष्ट वाचवण्याची किंमत आपल्या बिलात ‘शिपिंग’ या नावानं येते.

पायरी ६ : परदेशी कार्डाचा मोह झाल्यास आधी पाणी प्या. जपानहून कार्ड मागवलं तर सीमाशुल्क नुसत्या कार्डावर लागत नाही. कार्ड, वाहणावळ आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. मग त्या बेरजेत सीमाशुल्क मिळवायचं आणि त्यावर आयजीएसटी. शेवटी कुरिअर कंपनी हे सगळं भरण्याची तसदी घेतल्याबद्दल स्वतःची फी लावते. म्हणजे वाहणावळ महाग म्हणून रडावं, तर रडण्यावरही कर.

न्यू जर्सीच्या आतेभावाला “गिफ्ट म्हणून पाठव” असं सांगू नये. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून शुल्कमाफीत येणारी टपाल-कुरिअरची पार्सलं बंद आहेत. सवलत राहिली ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या भेटवस्तूला नाही, हेही सरकारनं आठवणीनं स्पष्ट केलं आहे. त्यामुळं पिकाचूला दोरा बांधण्याचा विचार मनात आला असेल, तर तो तिथंच सोडावा. आतेभाऊ गणपतीला येईल तेव्हा त्याच्या बॅगेत जागा धरावी. तिथं आधीच लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, चॉकलेटं आणि दुसऱ्या भावाचे बूट असतात. नंबर लावावा लागतो.

पायरी ७ : मावशी. वरचं सगळं करून थकल्यावर माणूस इथं येतो. राकसकोप धरणापलीकडचं तुडये महाराष्ट्रात आहे आणि तिथल्या माणसाचा बाजार बेळगावात. तुडयेच्या मावशीच्या चारनं सुरू होणाऱ्या पत्त्यावर कार्ड राज्यांतर्गत दरानं येतं आणि बाजारच्या दिवशी भाजीच्या पिशवीतनं सीमा ओलांडतं. ना ट्रॅकिंग, ना आकारमानाचं वजन. नकाशावर रेघ मारणाऱ्यांनी माहेर-सासर मोजलं नव्हतं, त्याचा फायदा संग्राहकानं अवश्य घ्यावा.

दोन इशारे. एक, सीमाभागातलं वातावरण तापलं की दोन राज्यांमधल्या बस थांबतात, जशा डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबल्या. तेव्हा कार्ड मावशीच्या फडताळात मुक्काम करतं आणि तिचा नातू त्याच्याशी खेळतो. दोन, मावशी पाकीट फोडून बघतेच. “एवढ्याशा चिटुऱ्याला दोनशे रुपये मोजलास काय रे? ह्यात चार किलो रताळी आली असती.” यावर उत्तर नाही. हसावं आणि भाजीची पिशवी आपण उचलावी.

पायरी ८ : खर्च वसूल करा. कधीतरी जादा झालेली कार्डं विकायला काढाल. पहिला मेसेज येईल शिनोळीहूनच : “शिपिंग फ्री काय ओ?” मन घट्ट करावं, परराज्याचा दर पाठवावा आणि खोकं मोठंच घ्यावं.