पट्ट्यावरची सुशी, रुळावरची ब्रँडी

मराठी पर्यटकाचा जपानमधला दिवस ठरलेला. सकाळी बुलेट ट्रेन वेळेवर सुटल्याचं चित्रीकरण, दुपारी पट्ट्यावरून फिरणारी सुशी, रात्री हॉटेलच्या खोलीत बॅगेतले मेथीचे ठेपले. ‘जेवण आपणहून टेबलाशी येतं हो! काय ते जपानी डोकं!’ हे कौतुक पुढे वर्षभर नातेवाइकांना पुरतं.

फिरत्या सुशीचं पहिलं दुकान ओसाकाकडे १९५८ साली निघालं. त्याच्या कितीतरी आधी ग्वाल्हेरच्या जयविलास महालात महाराज माधवराव शिंद्यांच्या मेजावर चांदीची आगगाडी ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून धावत होती. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की निघे.

ही गाडी आजही तिथल्या संग्रहालयात आहे. पण ग्वाल्हेरला उतरलेला हाच पर्यटक किल्ला टॅक्सीच्या काचेतून उरकतो, बहादुरा मिठाईवाल्याच्या लाडवांतल्या कॅलरी मोजतो आणि लष्कर भागातल्या गल्ल्यांत कांदेपोहे शोधत हिंडतो. टोकियोत हजारो येन मुकाट मोजणारा हा गृहस्थ महालाच्या खिडकीशी मात्र अडून बसतो : ‘शिंदे म्हणजे आपलेच की! मग तिकीट कशाला?’