फुकटची बोट, महागडा घोडा

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आपली. तिच्यावर धंदा उभारला तो मात्र व्हेनिसवाल्यांनी. सकाळी हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस गोड हसून विचारतो, “मुरानो बेट बघायचंय? काचेच्या कारखान्याची बोट येईल. पैसे नाहीत.” ज्या गावात साध्या सार्वजनिक बोटीचं ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोंना पडतं, तिथे खासगी मोटारबोट फुकट! खरं तर इथेच शंका यायला हवी. पण शंका यायच्या आत आपण बोटीत बसलेले असतो.

पुढचा कार्यक्रम ठरलेला. भट्टीसमोर बाकडी. एक उस्ताद लोखंडी नळीच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घेतो, चिमट्याने इकडे ओढतो, तिकडे पिळतो, आणि दोन मिनिटांत मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा तयार. टाळ्या. मग बाहेर जायचा रस्ता दुकानातून. तिथे तुम्ही तोंड उघडायच्या आत किंमत खाली येऊ लागते, आणि तरीही ती महागच असते. कारण बोटीचं भाडं आणि तुम्हाला धाडणाऱ्याचं कमिशन त्याच झुंबरात लटकलेलं असतं. काही न घेता निघालात, तर मघाचं हसू मावळतं आणि परतीची बोट कुठे मिळेल, हे सांगायला कुणी उरत नाही.

गंमत अशी, की याच बेटावर एके काळी नेमका उलटा प्रकार होता. १२९१ मध्ये व्हेनिस प्रजासत्ताकाने काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून मुरानोवर नेल्या. कारण आगीचं, घरं लाकडाची होती. पण कारागीर एका बेटावर आले की त्यांच्यावर नजर ठेवणं सोपं, हाही फायदा होताच. काचवाल्याची मुलगी सरदारघराण्यात दिली तरी तिच्या मुलांचा दर्जा कमी होत नसे, एवढा मान होता. फक्त राज्य सोडून जायची मुभा नव्हती. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ च्या सुमारास आरसे करणारे काही मुरानोकर फोडून पॅरिसला नेले, तेव्हा व्हेनिसच्या पोटात गोळा आला. त्याच फ्रेंच कारखान्याचे आरसे पुढे व्हर्सायच्या महालात लागले. ज्या हुन्नरासाठी राजे हेरगिरी करत, तो आज दोन मिनिटांत दाखवतात, आणि आपण तो मोबाइलच्या पडद्यातून बघतो.

तेवढं झालं की बोट बुरानोकडे. अर्ध्या दिवसात तीन बेटं उरकायची असतात ना! बुरानोला माणसं घरांचे रंग बघायला जातात. पिवळ्या भिंतीसमोर मी, निळ्या भिंतीसमोर मी, गुलाबी भिंतीसमोर आम्ही सगळे. ज्याच्या दारात हे चाललंय, त्याची चड्डी-बनियन वाळत असते तीही फोटोत येते. त्या बिचाऱ्याला मनाला येईल तो रंगही लावता येत नाही. पालिकेची परवानगी लागते.

बुरानोची खरी मिजास लेसची. खाली कापड नाही; फक्त सुई आणि दोरा. कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेषांवर दोरा बसवायचा, मधली जागा टाक्याटाक्याने भरायची आणि शेवटी कागद सोडवायचा. एकेक बाई एकेका टाक्यात तरबेज, त्यामुळे एकच तुकडा अनेक हातांतून फिरतो. एकोणिसाव्या शतकात ही कला जवळजवळ गेलीच होती. चेंचा स्कार्पारिओला नावाच्या म्हातारीला ती येत होती म्हणून वाचली. तिच्याकडून शिकून घेऊन १८७२ मध्ये इथे लेसची शाळा निघाली. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे. तिकीट काढावं लागतं, म्हणून आत गर्दी नसते. गर्दी बाहेरच्या दुकानात. तिथे टांगलेला पाच-दहा युरोंचा लेसचा रुमाल यंत्रावर निघालेला असतो, आणि बेटावर निघाला असेलच असंही नाही.

दोष दुकानदारावर ढकलणं सोपं आहे. पण गिऱ्हाईक कोण? आपणच. आपल्याला हातची वस्तू हवी असते, किंमत मात्र यंत्राची. जो तुकडा करायला आठवडे लागतात, तो हातात घेऊन आपण “फायनल किती?” विचारतो. येवल्याच्या पैठणीशी आपण हेच करत आलो; तिथे किमान भाषा तरी कळते.

तोर्चेल्लो तिसरं. तिथल्या चर्चची स्थापना ६३९ सालची, आत ‘अंतिम निवाड्या’चं भिंतभर मोझेक. खाडी गाळाने भरली, मलेरिया आला आणि व्हेनिसच्या आधी गजबजलेलं हे बेट ओस पडलं. आज रहिवासी बोटांवर मोजण्याएवढे. विकायला फारसं काही नाही, म्हणून सहलीत त्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी वेळ येतो.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढं करावं. फुकटच्या बोटीला हात जोडावेत. फोंदामेंते नोव्हेच्या धक्क्यावरून बारा नंबरची सार्वजनिक बोट पकडावी. ती मुरानोवरून बुरानोला नेते. तिन्हींऐवजी एकच बेट नीट बघावं. आधी संग्रहालय, मग दुकान. मुरानोची काच घ्यायचीच असेल तर ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ ही खूण बघावी. व्हेनेतो प्रांताच्या १९९४ च्या कायद्याने ती ठरली आहे. खूण नसेल तर दुकानदाराला विचारायला लाजू नये. आणि खरी वस्तू परवडत नसेल तर ती मनसोक्त बघावी, करणाऱ्याला दाद द्यावी आणि रिकाम्या हाताने परत यावं. खोटी वस्तू घेऊन कलेला हातभार लावल्याचं समाधान मिळवण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे.