काठमांडूत नातेवाईक कसे सांभाळावेत

नोकरीनिमित्त काठमांडूत बिऱ्हाड केलेल्या मराठी माणसाला पुण्या-नागपुराकडचे नातलग पहिल्याच फोनवर विचारतात, "तुमच्या गॅलरीतून एव्हरेस्ट दिसतं का हो?" याचे शास्त्रशुद्ध उत्तर 'नाही' असे आहे. एव्हरेस्ट काठमांडूपासून दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि मध्ये डोंगरांच्या रांगा आहेत. २०२०च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, हवा धुऊन निघाली आणि खोऱ्याच्या कडेच्या चोभारवरून एव्हरेस्टचे छायाचित्र निघाले, तेव्हा त्याची बातमी झाली. रोज दिसणाऱ्या गोष्टीची बातमी होत नसते. तरीही यजमान 'नाही' म्हणत नाही. "हवा स्वच्छ असेल तर..." असे म्हणून तो वाक्य अर्धवट सोडतो, आणि त्या अर्धवट वाक्यावर विसंबून आत्या, आत्येचे मिस्टर, त्यांचा मुलगा, सून, दोन नाती आणि सुनेची आई अशी तिकिटे निघतात. म्हणून या मार्गदर्शिकेचा पहिला आणि खरे तर एकमेव सिद्धांत असा: डोंगर दाखवण्याची हमी यजमानाने घेऊ नये. हिमालय त्याच्या नावावर नाही. त्याच्या हातात आहे ते त्याचे घर, त्याची गल्ली आणि त्याचा बाजार. दाखवायचे तर ते दाखवावे.

या सिद्धांताला पंचांगाचा आधार आहे. मराठी कुटुंब मे महिन्यात निघते, कारण शाळांना सुट्टी असते. नेपाळात मार्च ते मे या दिवसांत जंगलांना वणवे लागतात, धूळ उडते आणि पाऊस पडेपर्यंत खोऱ्यावर करडा पडदा लटकलेला असतो. जूनच्या मध्याला मान्सून येतो तो सप्टेंबर संपेपर्यंत ढग घेऊन बसतो. डोंगर मनापासून दर्शन देतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे आपल्या शाळांचे वेळापत्रक आणि हिमालयाचे वेळापत्रक यांत कोणी मेळ घातलेला नाही, आणि त्याचा जाब मात्र यजमानाला द्यावा लागतो. "इतक्या लांब आलो आणि धुकं!" हे वाक्य उच्चारताना पाहुणे यजमानाकडे असे पाहतात की जणू पडदा त्यानेच ओढला आहे. काही दिसलेच, तर ते बहुधा लांगटांग किंवा गणेश हिमाल असते. गणेश हिमालाचे नाव कानावर पडताच ज्येष्ठ मंडळी हात जोडतात आणि एव्हरेस्टची चौकशी तेवढ्यापुरती मागे पडते. यजमानाने या शिखराची दिशा पाठ करून ठेवावी.

यावर आक्षेप येतो की माणसे पैसे खर्चून येतात, सोसायटीत सांगून येतात, त्यांना एव्हरेस्ट नको का दाखवायला? जरूर दाखवावे, पण विमान कंपनीच्या हातून. सकाळी काठमांडूहून तासाभराचे पर्वतदर्शनाचे विमान सुटते आणि खिडकीतून एव्हरेस्ट दाखवून परत आणते. हवा बिघडली तर ते रद्द होते, आणि तेव्हा राग काढायला समोर एक काउंटर असतो. हा लाभ लहान नाही.

दुसरा गैरसमज उंचीचा. पाहुणे विमानतळावर उतरतात ते कानटोपी, थर्मल आणि कापराच्या पुडीसह, आणि पायऱ्या उतरता उतरताच त्यांना श्वास लागू लागतो. काठमांडूची उंची सुमारे १,४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वराच्या आसपास. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. ज्या काकांनी कळसूबाईवर पिठले-भाकरी खाल्ली, त्यांनी त्याहून खाली असलेल्या काठमांडूच्या सोफ्यावर ऑक्सिजनबद्दल बोलू नये. मात्र मुक्तिनाथाचा विषय निघाला की थट्टा बंद करावी. ते देवस्थान साडेतीन हजार मीटरच्या बरेच वर आहे आणि तिथे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांना एका दिवसात जीपने चढवणे हा मूर्खपणा आहे. वाटेत मुक्काम करावा, डॉक्टरांना आधी विचारावे, डोके दुखू लागले तर दर्शन सोडून खाली यावे. मुक्तिनाथाच्या वाटेवरच्या जोमसोमची विमाने सकाळीच उडतात, कारण दिवस चढला की कालीगंडकीच्या खोऱ्यात वारा पिसाटतो. तेव्हा "आधी नाश्ता, मग निघू" हा घरचा शिरस्ता त्या दिवशी चालत नाही.

कागदपत्रांबाबत एकच सांगणे. विमानाने येणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांनाच चालते. म्हणजे आजी आणि नातू सुखरूप पोचतात आणि सगळ्यांची तिकिटे ज्याने काढली तो मुलगा मुंबईत अडकतो.

आता खरा मुद्दा, स्वयंपाकघर. पाहुण्यांच्या बॅगेत गोडा मसाला आणि मेतकूट असेल तर स्वागत आहे. पण पाहुणे पोहेही आणतात. नेपाळ हा चिउरा खाणारा देश आहे. दुपारच्या खाजाला म्हणजे फराळाला, मेजवानीला, प्रवासाला, सगळीकडे चिउरा असतो आणि चिउरा म्हणजे पोहेच. तिकडे किलोभर पोहे वाहून नेणाऱ्याला कोणता युक्तिवाद पटवून द्यावा, हे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. डाळीचे तसे नाही, ती शिजत नाही या तक्रारीत तथ्य असते. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ हट्टाने कच्ची राहते. कुकर लावावा आणि घरच्यापेक्षा थोडा जास्त वेळ ठेवावा. आत्या दुसऱ्या दिवशी ओटा ताब्यात घेतील हे गृहीत धरून त्यांना सरळ असनच्या बाजारात न्यावे. तिथे रायोचा साग, गुंद्रुक, तिमुर, लप्सी यांच्यासमोर त्या तासभर उभ्या राहतात, अर्ध्या हिंदीत भाव करतात आणि बाजारातल्या दिदीशी त्यांचे जेवढे जमते तेवढे यजमानाचे वर्षभरात जमलेले नसते. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३पासून ठरलेला आहे. काका प्रत्येक जुडीला भागाकार करतात. करू द्यावा. २०२४पासून भारतातले यूपीआय तिथल्या क्यूआरवर चालते हे त्यांना शेवटच्या दिवशी सांगावे, नाहीतर ते दुकानांतून बाहेर येत नाहीत.

कोणी म्हणेल, माणसे परदेशी येऊन भाजीबाजारच पाहणार का? याला पुरावा द्यायचा तर असा, की डोंगराकडे पाहून माणूस पाच मिनिटांत "छान" म्हणतो आणि पुढे त्याला बोलायला काही उरत नाही. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करणे, शनिवारची सुट्टी, सकाळी दहालाच होणारे दालभाताचे पूर्ण जेवण, पाण्याचा टँकर आला की इमारतीत उडणारी धावपळ, यांवर तेच कुटुंब रात्री उशिरापर्यंत वाद घालते. पाण्याचा मुद्दा तर फारच शैक्षणिक आहे. मेलम्ची नदीचे पाणी २०२१मध्ये काठमांडूत पोचले, तरी टँकर आणि पिण्याच्या पाण्याचे जार सुटले नाहीत. शॉवरखाली अर्धा तास गाणे म्हणणाऱ्या भाच्याला हे कुठल्याही पर्यावरणाच्या धड्यापेक्षा लवकर कळते.

किती दिवस राहावे, या नाजूक प्रश्नाला इतिहासात दाखला आहे. १८५७च्या उठावाचा पाडाव झाल्यावर नानासाहेब पेशवे नेपाळच्या हद्दीत शिरले आणि त्यांच्या घरातल्या स्त्रियांना नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांनी काठमांडूत आसरा दिला. त्यांच्यापाशी परतीचे तिकीट नव्हते. आजच्या पाहुण्यांपाशी ते असते, आणि यजमानाने त्यावरची तारीख पहिल्याच दिवशी कौतुकाने पाहून घ्यावी. पेशव्यांकडचा नौलखा हार जंगबहादुरांकडे गेल्याचे सांगतात. आपल्या वाट्याला बाकरवडी येते, तीही चांगली असते.

यायचेच तर दिवाळीत यावे, एवढा आग्रह यजमानाने धरायला हरकत नाही. सण आपल्या घरी करायचा असतो, हा आक्षेप येईल. पण तिहारमध्ये, म्हणजे नेपाळी दिवाळीत, एक दिवस कावळ्याचा, एक दिवस कुत्र्याचा असतो. गल्लीतले खरजुले कुत्रेसुद्धा त्या दिवशी कपाळाला टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ घालून फिरते. भाऊबीजेला नेपाळी बहिणी भावाला सात रंगांचा टिळा लावत असतात, आणि बहीण आपण होऊन भावाच्या घरी आलेली असेल तर तिला तिथे परके वाटायचे कारण राहत नाही. शिवाय हवा स्वच्छ असते. मात्र मे महिन्याची तिकिटे आधीच निघाली असतील तर ती रद्द करायला लावू नयेत. पाण्याचा एक टँकर तेवढा आगाऊ सांगून ठेवावा.