कुठल्या गेटपासून पाच मिनिटं?

श्री. रा. रा. 'गेटपासून फक्त पाच मिनिटं' यांस,

स. न. वि. वि.

तुमचं खरं नाव मला ठाऊक आहे, तुमच्या दुकानाचं शटरही ओळखीचं आहे. तरी नाव लिहीत नाही. एकाचं नाव छापून आलं की सहलींच्या धंद्यातले बाकीचे 'सुटलो बुवा' म्हणतात, आणि मला इतक्या जणांना एकदम सुखी करायचं नाही.

आधी तुमचं अभिनंदन. आम्ही माहीमची माणसं, अंतराच्या थापांना सहसा भुलत नाही. आमच्याकडे 'शिवाजी पार्कलगत' म्हणून विकलेला फ्लॅट शितळादेवीच्या देवळापाशी निघतो. धारावीच्या कडेची इमारत जाहिरातीत 'माहीम पूर्व' होते. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणजे मध्यरात्री, रस्ता रिकामा असताना, मागे कुत्रं लागलं तर पाच मिनिटं, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. म्हणून ताडोबाच्या तुमच्या पत्रकात पाच मिनिटं वाचली तेव्हा आम्ही मनात पंचवीस धरली. तुम्ही आम्हाला दोन तासांनी मात दिलीत. आजवर एकाही बिल्डरला हे साधलं नव्हतं.

शिवाय तुम्ही खोटं बोललाच नाहीत! रिसॉर्ट गेटपासून पाच मिनिटांवर होतंच. मोहर्लीच्या गेटपासून. आमचं परमिट होतं कोलाऱ्याचं.

ज्यांना तुमच्या सेवेचा लाभ अजून झालेला नाही त्यांच्यासाठी जरा खुलासा करते. आम्हा मुंबईकरांचं राष्ट्रीय उद्यान बोरिवलीचं. सकाळच्या लोकलने जायचं, कान्हेरीची लेणी बघायची, डबा खायचा आणि जेवणाची सुस्ती उतरायच्या आत घरी. मुक्कामाचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की एक मोठं फाटक आणि तिकिटाची खिडकी, एवढंच चित्र आमच्या डोळ्यांपुढे असतं. तुम्ही नेमकं त्याच चित्रावर दुकान थाटलंय.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ साली. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचं नुसतं कोअर, म्हणजे आतला गाभा, सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची मुंबई त्यात ठेवली तरी थोडी जागा उरेल. भोवतीचा बफर आणखी अकराशेचा. एवढ्या जंगलाच्या कोअरला मोहर्ली, खुटवंडा, नवेगाव, कोलारा, पांगडी, झरी अशी वेगवेगळ्या दिशांना गेटं आहेत. आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा ही बफरची गेटं आणखी निराळी. परमिट मिळतं ते गेटाचं, तारखेचं आणि सकाळ-दुपारच्या फेरीचं. वर तुमचं नाव आणि ओळखपत्र. ज्या गेटाचं परमिट त्याच गेटातून आत जायचं.

मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरच्या वाटेवर. कोलारा उत्तरेकडे, चिमूरच्या अंगाला. नागपूरहून येणाऱ्याला उमरेडवरून सोयीचं. नकाशात बोट ठेवलं तर दोन्ही जवळ दिसतात, कारण बोट थेट कोअरवरून सरकतं. आपली गाडी तशी सरकत नाही. तिला जंगलाला बाहेरून वळसा घालावा लागतो. उन्हाळ्यात गेट उघडतं पहाटे साडेपाचच्या सुमाराला. उशिरा पोचलात तर सफारीतला तेवढा वेळ गेला, तो पुढे वाढवून मिळत नाही. म्हणजे तुमच्या 'पाच मिनिटांवरच्या' खोलीतून आम्ही सहा बायका रात्री अडीचला उठून, थर्मासमध्ये चहा भरून, अंधारात एकमेकींचे स्कार्फ शोधत निघालो. वाटेत तुम्हाला फोन लावला. तुम्ही तो उचललात, याचं श्रेय देते. तुम्ही जांभई देत म्हणालात, "मॅडम, जंगल तर एकच आहे ना!"

हे वाक्य मी तेव्हापासून घोळवते आहे. वाघाच्या बाजूने पाहिलं तर ते सोळा आणे खरं आहे. जय नावाचा वाघ नागझिऱ्याहून निघून, शेतं, रस्ते, नद्या ओलांडत उमरेड-करांडल्याला येऊन राहिला. त्याला कोणी परमिट विचारलं नाही, त्याने कोणाला गेट विचारलं नाही. मुक्काम कुठे करायचा हे पाणी आणि शिकार बघून ठरवलं. तुमच्या गिऱ्हाइकाला मात्र आधार कार्ड दाखवावं लागतं.

आणि जंगल एकच असेल तर पेंचला काय म्हणाल? ते दोन राज्यांत पसरलंय. सिल्लारी आणि खुर्सापार ही महाराष्ट्राची गेटं, तुरिया आणि कर्माझिरी मध्य प्रदेशची. दोन्हीकडचं बुकिंग वेगळं, परमिट वेगळं. नवेगावचा घोळ तर त्याहून गमतीचा. एक नवेगाव ताडोबाच्या कोअरचं गेट. दुसरं रामदेगीच्या बाजूचं, त्याचं नाव 'नवेगाव-रामदेगी' असं जोडून सांगतात. तिसरं गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध, जिथल्या तळ्याकाठी आणि रानात लेखक मारुती चितमपल्लींच्या वनखात्यातल्या नोकरीची काही वर्षं गेली. तिथे १९७५ पासून स्वतंत्र राष्ट्रीय उद्यान आहे. तुमच्या पत्रकात नुसतं लिहिलंय, 'नवेगाव – टायगर पॅराडाईज'. दिवाळीला कोणी कुटुंब ताडोबाचं परमिट हातात धरून गोंदियात उतरलं तर तेही जंगल एकच म्हणून समजून घेईल, नाही का?

आता खोलीविषयी. खोली उत्तम होती हो! बिछान्यावर टॉवेलचा हत्ती, भिंतीवर प्लास्टिकचा वाघ, बाहेर निळा तलाव आणि त्याला लागून 'रेन डान्स'. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आसपासच्या वाड्या-पाड्यांत पाण्याचा एकेक हंडा मोजून वापरतात, आणि तुमच्याकडे सायंकाळी सहापासून पाऊस. 'लेक व्ह्यू'चे वेगळे पैसे घेतलेत. दिसत होता इरई धरणाचा फुगवटा. ते धरण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी पुरवतं, हे पत्रकात घालायला जागा कमी पडली असावी. रात्री त्याच विजेवर तुमचा डीजे साडेअकरापर्यंत वाजला. शेजारी कोणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस होता. एका ज्येष्ठ बाईंनी आवाज कमी करायला सांगितलं तेव्हा तुमचा मॅनेजर म्हणाला की, प्राण्यांना सवय झालीये.

झाली असेल. सवय कोणाकोणाला करावी लागली ते मात्र आम्ही दुसऱ्या दिवशी आमच्या गाइडकडून ऐकलं. बोटेझरी, नवेगाव, जामणी, पळसगाव ही गावं जंगलाच्या आत होती. वाघाला निवांतपणा हवा म्हणून गेल्या दोन दशकांत माणसांनी घरं, शेतं, देव तिथून हलवले आणि बाहेर नवी वस्ती केली. आता त्याच निवांतपणाच्या कुंपणाला लागून तुमची 'जंगल फेसिंग' खोली, ज्यादा दराने. म्हणजे गावाने आवाज करायचा नाही म्हणून गाव उठलं, आणि मोकळ्या झालेल्या शांततेचा भाडेकरू डीजे. तुमच्या त्या खोलीच्या खिडकीतून दिसतं ते नुसतं दृश्य नसतं. बऱ्याचदा ती एका रानातून दुसऱ्या रानात जायची वाघाची वाट असते. आमच्या माहीम-धारावीच्या सीमेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, १९९४ पासून लोकांना खुलं. ते कचऱ्याच्या जुन्या डेपोवर झाडं लावून उभं केलंय. एवढं कचऱ्याचं रान झालेलं बघितलेल्या माणसाला तुमच्या मागच्या कुंपणाबाहेरचा पाण्याच्या बाटल्यांचा ढीग बघून राग येतो. समजून घ्या.

पत्रकाच्या मथळ्यात 'टायगर गॅरंटी' हे शब्द लाल अक्षरांत आहेत. मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम आणि तुमचा 'समर पीक' हंगाम एकच. त्या बायकाही पहाटेच निघतात, फक्त त्यांना जिप्सी नसते. त्या तालुक्यात कुणाच्या दारात जाऊन तुमची गॅरंटी वाचून दाखवा एकदा. मी येते सोबत, लांब उभी राहते.

आणि गॅरंटीचं पुढे काय होतं तेही जगाने बघितलंय. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावकडे एक वाघीण आणि तिचे बछडे रस्त्यावर आले, आणि दोन्हीकडून जिप्स्यांनी त्यांची वाट अडवली. गाड्यांत माणसं उभी, हातांत मोबाइल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या जिप्सीचालकांवर कारवाई झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण चालकाला 'काहीही कर, वाघ दाखव' म्हणणारं गिऱ्हाईक घरातूनच गॅरंटी घेऊन आलेलं असतं, आणि ती गॅरंटी देणारा त्या वेळी दादरच्या एसी ऑफिसात पुढच्या बॅचचे पैसे मोजत असतो. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने वाघांच्या कोअरमधलं पर्यटनच थांबवलं होतं. ऑक्टोबरात केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आल्यावर ती बंदी उठली. तुमच्यासारख्यांनी तेव्हा पोटावर पाय आला म्हणून केवढा आकांत केला होता. थोडी लाज त्याच काळात साठवून ठेवली असतीत तर आज उपयोगी पडली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुमचा हत्ती मोडून टॉवेल वापरला, बॅगा भरल्या आणि कोलाऱ्याच्या बाजूच्या एका गावात जाऊन राहिलो. दोन खोल्या, दारात कुलर, त्यात बादलीने ओतायचं पाणी. घरमालकीणबाईंचा पहिला प्रश्न, "कोनत्या गेटचं हाय तुमचं?" नाव, गाव, जात, जेवण सगळं त्यानंतर. पहाटे गाडीत बसलो आणि गेटावरच्या रांगेत उतरलो, मध्ये डोळा लागायलाही वेळ मिळाला नाही. दुपारी गोळाभात आणि अंबाडीची भाजी. संध्याकाळी त्यांचा मुलगा सांगत होता की शेताच्या कडेला काल बिबट्या होता म्हणून अंगणात उशिरापर्यंत बसू नका. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला राहिले आणि त्या मुक्कामावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात रेन डान्सचा उल्लेख असल्याचं मला तरी आठवत नाही.

सगळ्यांनी कुलरच्या खोलीतच राहावं असा माझा हट्ट नाही. मोहर्लीला पर्यटन महामंडळाचं आणि वनविकास महामंडळाचं निवासस्थान आहे, आसपास बरी हॉटेलंही आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाला एसी लागतो तर लागतो. पण क्रम उलटा करू नका. आधी परमिट कुठल्या गेटाचं मिळतंय ते बघायचं, मग त्या गेटाच्या बाजूची खोली धरायची. तुम्ही आधी तुमच्या कमिशनची खोली विकता, मग उरलेल्या गेटाचं परमिट शोधता आणि दोन्हींच्या मधला रस्ता गिऱ्हाइकाच्या झोपेतून कापून घेता. मंगळवारी ताडोबाचं कोअर बंद असतं, हेही आम्हाला तुमच्या गाडीचालकाने सांगितलं. तुमच्या 'चार दिवस – भरपूर सफारी' पॅकेजातला एक दिवस मंगळवारच होता. त्या दिवशी 'रिसॉर्ट अ‍ॅक्टिव्हिटी' लिहिलं होतं. कॅरम होता. सोंगट्या कमी होत्या.

पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला कोअर पुन्हा उघडेल, तुमचे मेसेज पुन्हा सुरू होतील. त्या मेसेजात मला तीन गोष्टी लिहिलेल्या बघायच्या आहेत: परमिट कोणत्या गेटाचं, त्या गेटापर्यंत गाडीच्या रस्त्याने किती किलोमीटर, आणि खोलीच्या मागच्या बाजूला काय आहे – गावाचं शेत, धरण की वाघाची वाट. तिसरी गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर बीटवरच्या वनरक्षकाला विचारा. त्याला चांगली माहिती असते, आणि तो कमिशन मागत नाही.

कळावे,

आपली,
एक माजी गिऱ्हाईक,
माहीम

ता. क. रेन डान्सचे माणशी पैसे तुम्ही पॅकेजात धरले होते. आम्ही सहाही जणी कोरड्या परतलो. तेवढे पैसे परत पाठवावेत.