कनेक्शनवाले अण्णा

कनेक्शनवाले अण्णा हा वैराग आणि आसपासच्या गावांत आढळणारा निवृत्त पुरुषांचा एक प्रकार आहे. वय साठ ते पंच्याहत्तर. पूर्वायुष्य एसटीतले वाहतूक नियंत्रक, भूगोलाचे मास्तर किंवा बँकेतले तपासनीस. मुलगी म्युनिकला असते, पुतण्या आइंडहोवनला, गेला बाजार भाच्याचा मित्र तरी झुरिकला. अण्णा स्वतः युरोपात गेलेले नसतात. तिथल्या हिवाळी रेल्वेप्रवासाची आखणी मात्र त्यांच्याशिवाय होत नाही. कोणी परस्पर तिकीट काढलेच, तर संध्याकाळपर्यंत अण्णांना त्याचा सुगावा लागतो आणि रात्री व्हिडिओ कॉल येतो.

या प्रकाराच्या उगमाचे कारण सोपे आहे: वैरागला रेल्वे नाही. ज्याच्या दाराशी स्टेशन, त्याला वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. वैरागच्या माणसाला आधी एसटीने बार्शी, मोहोळ किंवा सोलापूर गाठायचे, नाहीतर बार्शीवरून कुर्डुवाडी. आणि एसटीच्या व रेल्वेच्या वेळा एकमेकींना विचारून कधी ठरलेल्या नाहीत. गाडी चुकली की रात्र फलाटावर. हा सांधा जुळवण्यात हयात गेलेल्या माणसाला ‘बाझेलला सात मिनिटांत गाडी बदला’ हे वाक्य वाचूनच घाम फुटतो. ‘सात कसली? चाळीस धर,’ हा अण्णांचा पहिला नियम. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर धावल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर उशिरात धरतच नाहीत. हे आकडे अण्णा दुःखाने सांगत नाहीत.

सरहद्दीविषयीची त्यांची मते वंशपरंपरागत आहेत. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. वाटेत ती इंग्रजी मुलूख सोडून निजामाच्या मुलखात शिरे. तिकडे हाली सिक्का वेगळा, जकातीला करोडगिरी वेगळी. या गाडीने नात्यागोत्यात ये-जा केलेल्या आजोबांचा नातू ‘शेंगेनच्या २९ देशांत हद्दीवर कोणी विचारत नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवत नाही. ‘विचारत नाही म्हणजे आज विचारत नाही.’ जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली, तेव्हा अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पासपोर्ट सामानात नव्हे, अंगावर, हा दुसरा नियम तेव्हापासून निर्विवाद आहे. लंडनच्या वाटेला ते कोणाला लावतच नाहीत. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि पासपोर्टची तपासणी गाडीत बसण्याआधीच.

वीज हा त्यांचा खास विषय. म्युनिकहून इन्सब्रुकमार्गे व्हेरोनाला जाणारी गाडी १,३७० मीटर उंचीवरच्या ब्रेनर खिंडीत इटलीत शिरते. ऑस्ट्रियाच्या तारांत १५ हजार व्होल्ट, इटलीच्या तारांत ३ हजार. म्हणून पूर्वी तिथे इंजिन बदलावे लागे, हल्ली दोन्ही पचवणारी इंजिने निघाली आहेत. प्रवाशाला या माहितीचा काडीचा उपयोग नाही, तरी ती ऐकल्याखेरीज अण्णांच्या ओसरीवरून उठता येत नाही.

आखणीची सुरुवात व्हिसापासून होते. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या पडल्या तर जिथे पहिले पाऊल, तिथे. म्हणून अण्णा सृष्टिसौंदर्य बाजूला ठेवून आधी रात्री मोजतात. म्युनिकला मुलीकडे पाच, इटलीत तीन, स्वित्झर्लंडमध्ये दोन. झोपेच्या गाडीतली रात्र कोणाच्या खात्यावर, यावर एक आख्खी दुपार जाते. विमा किमान ३० हजार युरोचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत. अर्जासोबत प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो हे कळल्यावर अण्णांच्या वहीला सरकारी दर्जा येतो.

मग पास. भारतातून जाणाऱ्या आईवडिलांना युरेल आणि जर्मनीत राहणाऱ्या मुलीला इंटररेल, कारण हिशोब नागरिकत्वाचा नसून राहण्याच्या पत्त्याचा आहे. गंमत अशी की मुलीचा पास तिच्या राहत्या देशात फक्त बाहेर पडायला आणि परत यायला चालतो. पाहुण्या आईवडिलांचा तिथे रोज चालतो. तिघे एका डब्यात, नियम दोन. शिवाय फ्रान्सची तेजेवे आणि इटलीची फ्रेचारोसा यांना पास असूनही वेगळे पैसे भरून जागा राखावी लागते, तर जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना लागत नाही. ‘पास घेतला तरी पैसे?’ हा काकूंचा प्रश्न रास्त आहे. अण्णांकडे त्याला उत्तर नाही, तक्ता आहे.

हिवाळ्याबद्दल या प्रकाराचा अनुभव हुरड्याच्या शेकोटीपुरता असतो, त्यामुळे बर्फाविषयी अण्णा फारसे बोलत नाहीत. त्यांचा हिवाळा तारखांचा. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री युरोपभर रेल्वेचे वेळापत्रक बदलते; त्याआधी वहीत उतरवलेल्या पुढच्या वेळा सगळ्या कच्च्या, म्हणून पेन्सिलीत. २५ तारखेला ब्रिटनमध्ये जवळपास काहीच धावत नाही, हेही लंडनला न पाठवण्याचे एक कारण. बर्लिनला चार वाजता अंधार पडतो, म्हणून डोंगरातला प्रवास सकाळीच. स्वित्झर्लंडमधल्या खूरहून इटलीतल्या तिरानोला उतरणारी बर्निनाची गाडी २,२५३ मीटरवर चढते, तेही दातेरी रुळाशिवाय, आणि भर हिवाळ्यातही धावते. मोठ्या काचांच्या एक्सप्रेसला आरक्षणाचे जादा पैसे. साधी गाडी त्याच रुळांवरून, तेच डोंगर दाखवत, विनाआरक्षण जाते. अण्णा कोणती सुचवतात हे सांगायला नको. या एका बाबतीत ते पूर्ण बरोबर आहेत.

शिदोरीवर मात्र घरात मतभेद होतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बिनबोभाट जाते. पण युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. काकूंनी बांधलेला तुपाचा डबा आणि पेढे अण्णा स्वतःच्या हातांनी बाहेर काढतात. फळांपैकी केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन तेवढे विनाप्रमाणपत्र चालतात, म्हणून डाळिंबाऐवजी नारळ. मुलीला नारळ नको असतो.

या प्रकाराचे एक गिऱ्हाईक वेगळे: द्राक्ष बागायतदार. फेब्रुवारीच्या आरंभी बर्लिनला ‘फ्रूट लॉजिस्टिका’ हे फळव्यापाराचे प्रदर्शन भरते, आणि आपली द्राक्षे न्हावाशेवाहून समुद्रमार्गे ज्या रॉटरडॅमला उतरतात ते बंदर त्यांना बघायचे असते. अण्णा बर्लिन ते अ‍ॅमस्टरडॅम थेट गाडी, पुढे रॉटरडॅम, अशी सहा-सात तासांची सुबक आखणी हाती देतात. बागायतदार ती घडी घालून खिशात ठेवतात आणि चौघांत मिळून मोटार भाड्याने घेतात. अशांशी अण्णा पुढचा हंगाम बोलत नाहीत.

प्रवासाच्या दिवशी अण्णा मोबाइल चार्जिंगला लावूनच बसतात. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे, म्हणजे तिकडची सकाळची गाडी वैरागच्या दुपारच्या झोपेवर येते. झोप रद्द होते. ‘उतरलीस का? फलाट कुठला?’ मुलगी कळवते की कनेक्शन चुकले, पण काळजी नको, पुढची गाडी आहे. पुढची गाडी असते, ही कल्पना पचवायला अण्णांना थोडा वेळ लागतो. मग ते नियम काढतात: साठ मिनिटे उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के परत, १२० झाला तर ५०. मुलगी ११८ मिनिटांनी पोचते. ‘दोन मिनिटं डब्यातच बसून राहायचं होतं की,’ अण्णा म्हणतात, आणि अर्ज भरायला घेतात.