रशियात 'हेल्पर' पाठवणाऱ्या एजंटास खुले पत्र

एजंटसाहेब,

तुमचा पत्ता आमच्याकडे नाही. तुमचा धंदा मोबाइलवर, ऑफिस दुबईत आणि गिऱ्हाईक आमच्या कलबुर्गी जिल्ह्यात. म्हणून गाणगापुरातून हे पत्र उघडंच लिहितो.

2023 च्या अखेरीस आमच्या जिल्ह्यातली तीन पोरं रशियाला गेली. यूट्यूबच्या व्हिडिओत काम सांगितलं होतं हेल्परचं, सिक्युरिटीचं. पगार लाखाच्या पुढे. माणशी सुमारे 3 लाख मोजून घेतले गेले. तिथे पोचल्यावर रशियन भाषेतल्या कागदावर सह्या झाल्या, हातात बंदूक आली आणि पोरं युक्रेनच्या सीमेवर उभी राहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांचे व्हिडिओ घरी आले : आम्हाला सोडवा. त्याच महिन्यात, असाच हेल्पर म्हणून गेलेला सुरतचा 23 वर्षांचा तरुण तिथे मारला गेला.

तुम्ही नेमकं काय हिरावलंत, ते ऐका. पगार बुडाला तर मजूर भांडतो. मुकादम शिव्या देऊ लागला तर काम सोडून गावी येतो. काम सोडता येणं हा मजुराचा पहिला हक्क आहे, बाकीचे सगळे त्याच्या मागून येतात. सैन्याच्या करारावर सही घेऊन तोच काढून घेतला गेला. राजीनामा दिला तर तो पळपुटा ठरणार, आणि थांबला तर मरणार. अशा जागेला नोकरी म्हणून विकायची हिंमत तुमच्यात होती, हे मात्र खरं.

कायदा तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक असणार. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी केल्याशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी माणसं भरता येत नाहीत. नोंदणी असलेल्या एजंटलाही कामगाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. तुमचा दर त्याच्या दहापट. दहावी न झालेल्यांना सरकारची पूर्वपरवानगी लागते ती आखाती देशांसह 18 देशांसाठी, आणि रशिया त्या यादीत नाही. त्यामुळे या वाटेवर करार तपासणारं कोणी आडवं आलं नाही. आणि विनापरवाना भरतीला शिक्षा किती? जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि 2 हजार रुपये दंड. एका पोराकडून घेतलेल्या रकमेत असे दीडशे दंड भरून होतात. ही लाज तुमच्याइतकीच कायदा करणाऱ्यांचीही आहे.

6 मार्च 2024 ला सीबीआयने मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, तिरुवनंतपुरम अशा ठिकाणी छापे पडले. जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला, तेव्हा सुटकेची वाट मोकळी झाली. आमची तिन्ही पोरं सप्टेंबरात घरी आली. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आकडे दिले : रशियन सैन्यात 126 भारतीय, परतलेले 96, मेलेले 12, ठावठिकाणा नसलेले 16. दोषी कोण ते कोर्ट ठरवील. पण पैसे कुणाच्या खात्यात गेले, हे तुम्हाला आज ठाऊक आहे.

गाणगापुरात दुपारी बाराला माधुकरी मागतात. मागणारा झोळी पसरतो, वाढणारा भाकरी वाढतो, कोणी कोणाला फसवत नाही. याच मुलखातल्या घरांनी तुमच्यापुढे पैसे ठेवले ते पोरगं कमावतं व्हावं म्हणून. पाऊस दगा देतो, तूर हातची जाते, तेव्हा परदेशची नोकरी एवढीच आशा उरते, आणि तुम्ही तीच गाठलीत.

आता सांगणं एवढंच. घेतलेले पैसे परत करा. तुमच्या वर कोण होतं ते तपासात सांगा. आणि पुन्हा अफझलपूर, आळंद, बीदरकडे फिरकाल तेव्हा चार गोष्टी दाखवा : नोंदणी क्रमांक, आम्हाला वाचता येईल असा करार, 10 लाखांच्या प्रवासी भारतीय विमा योजनेचा कागद आणि घेतलेल्या पैशांची पावती. तुमचा क्रमांक आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून पाहू. तो तिथे नसला, तर आमची पुढची भेट पोलीस ठाण्यात.

गाणगापूरचा एक रहिवासी